डेकचा रंग, चार किलोमीटरवरून

ती गेल्याचं कळलं तेव्हा तो रंगाच्या दुकानात उभा होता आणि त्याच्या दोन्ही हातांत एकेक डबी होती. डाव्या हातात राखाडी, उजव्या हातात निळसर. दुकानदार काउंटरवर कोपरं टेकून म्हणत होता, "काका, मला विचाराल तर दोन्ही सारखेच दिसतात," आणि रंग विकणाऱ्या त्या माणसाला तो रंगांतला फरक समजावून सांगत होता. हा करडा धुरासारखा आहे, हा ढगासारखा. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. फोन घ्यायला हात मोकळा नव्हता म्हणून त्यानं राखाडी डबी दुकानदाराच्या हातात दिली. फोनवर साडू होता. साडू फोनवर नेहमी ओरडून बोलायचा, गावं लांब आहेत म्हणून आवाजही तितकाच लांब फेकायला हवा असं त्याला वाटायचं. त्या दिवशी तो हळू बोलला. पहिल्याच शब्दाला काय ते कळलं. पुढचं सगळं, म्हणजे ती जेवून बसली होती, पाणी दे म्हणाली, आणि पाणी आणेपर्यंत मान टाकली, हे त्यानं ऐकलं, पण ते दुसऱ्या कुणाबद्दल चाललंय असं ऐकलं. आठ दिवसांसाठी ती धाकट्या बहिणीकडे गेली होती. सकाळीच तिच्याशी बोलणं झालं होतं. "बोटीच्या डेकला कुठला घेऊ?" त्यानं विचारलं होतं, आणि ती म्हणाली होती, "दोन्ही घ्या. मी आले की बघू. आणि दूध तापवून ठेवा, परवा नासवलंत." दुकानदारानं त्याचा चेहरा बघितला, काही न विचारता दोन्ही डब्या आणि ब्रश पिशवीत घातला, पिशवी त्याच्या हाताला अडकवली. तो तिथूनच थेट बसमध्ये बसला. म्हणजे त्या डब्याही त्याच्याबरोबर साडूच्या घरी गेल्या. सगळं उरकल्यावर तिसऱ्या दिवशी मेव्हणीनं आत त्याचा शर्ट असेल तर धुवायला घ्यावा म्हणून पिशवी उघडली, तर आत दोन डब्या आणि एक ब्रश. "भावजी, हे काय?" "डेकचा रंग." तीन दिवस रडून डोळे सुजलेली ती बाई एवढी हसली की आतल्या खोलीतले लोक धावत आले. "ताई परवाच म्हणत होती," ती हसत आणि डोळे पुसत म्हणाली, "मी नसले तर यांना एक डबी उघडायला महिना लागेल."

महिना नाही, सहा महिने लागले. बोट खिडकीजवळच्या टेबलावर तशीच उभी होती. दुसऱ्या महायुद्धातल्या क्रूझर जातीच्या लढाऊ बोटीची प्रतिकृती, खऱ्या बोटीच्या दोनशेव्या भागाएवढी, म्हणजे दोन हातांपेक्षा थोडी कमी. अंग रंगवून झालेलं, धुरांडी झालेली, तोफा वेगळ्या खोक्यात कापसावर ठेवलेल्या, आणि डेक कोरा, नुसतं पिवळट लाकूड. सकाळी खिडकीतून ऊन आलं की ते लाकूड एवढं उघडं दिसायचं की तो त्यावर रुमाल टाकायचा. मग दुपारी वाटायचं, रुमाल टाकलेला बघवत नाही, आणि काढायचा. आयुष्यभर त्यानं लोकांच्या लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या आणि स्वतः मात्र बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहिला होता. गल्लीत सगळे त्याला लिफ्टवाले म्हणत. लिफ्टच्या कामात एक बरं असतं, बिघाड असतो किंवा नसतो. दार लागतं किंवा लागत नाही. रंगाचं तसं नाही. रंग सकाळी एक असतो, दुपारी दुसरा, ओला असताना फसवतो आणि वाळल्यावर हात वर करतो. म्हणून रंगाचं खातं पहिल्या बोटीपासून तिच्याकडे होतं. ती टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती, माणसाच्या नुसत्या आवाजावरून तो खरं बोलतोय की थापा मारतोय ते सांगायची. तिला कळतं, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं. कशातलं कळतं, हा प्रश्न त्याला कधी पडला नाही.

पहिल्या बोटीच्या वेळी छोट्या बोटी बनवणाऱ्यांच्या क्लबातल्या ॲडमिरलनं त्याला सांगितलं होतं, लांबची वस्तू फिकट दिसते, मध्ये हवा असते म्हणून. तुमची बोट लहान आहे, म्हणजे ती लांबच असल्यासारखी आहे, तेव्हा खऱ्या रंगात थोडा पांढरा घालायचा. ॲडमिरल म्हणजे बँकेतला निवृत्त कॅशियर, खऱ्या बोटीत एकदाच बसला होता आणि किनारा दिसेनासा होण्याआधीच ओकला होता, पण बोटींबद्दल त्याचा शब्द क्लबात शेवटचा. किती पांढरा घालायचा, असं विचारलं तर म्हणाला, डोळ्याला पटेल तितका. हे घरी येऊन सांगितल्यावर ती म्हणाली होती, "मग लांबूनच बघायला हवं ना? तुम्ही खिडकीत धरा, मी खाली जाते." त्यानं कागदावर गणित केलं होतं. तिसऱ्या मजल्यावरची खिडकी ते समोरचा फूटपाथ, वीस मीटर. गुणिले दोनशे. म्हणजे रस्ता ओलांडला की ती चार किलोमीटर समुद्रात जायची. तेव्हापासून तीच रीत पडली. सकाळी दहाला, ऊन खिडकीवर सरळ येतं तेव्हा, तो रंगाचा हात मारलेली फळी छातीशी धरून खिडकीत उभा राहायचा. ती जिना उतरून, रस्ता ओलांडून समोर शिंप्याच्या दुकानापुढे थांबायची. ओरडणं बरं दिसत नाही म्हणून खुणा ठरल्या होत्या. एक हात वर म्हणजे अजून पांढरा. दोन्ही हात वर म्हणजे बास. सुरुवातीला बसस्टॉपवरची माणसं घाबरायची, या बाईला कोणी लुटतंय की काय. पुढे सवय झाली. ती लगेच कधी हात वर करायची नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं नुसती उभी, कधी शिंप्याच्या स्टुलावर बसलेली. त्याचे हात भरून यायचे, पण त्याला बरं वाटायचं. नीट बघतेय म्हणायचा. अशा अकरा बोटी झाल्या. ॲडमिरल अकराच्या अकरा बोटींवर खूश होता. बाकीच्यांच्या बोटी खेळण्यासारख्या दिसतात, तुमच्या धुक्यातून आल्यासारख्या वाटतात, असं त्यानं भर सभेत सांगितलं होतं. घरी आल्यावर तिनं विचारलं होतं, "काय म्हणाले?" आणि त्यानं सांगितल्यावर ती बराच वेळ हसत होती. त्याला वाटलं, आनंदानं.

परवा ॲडमिरल तिन्ही जिने चढून आला. दम खात खुर्चीत बसला, पाणी प्याला, मग छातीशी धरलेलं पाकीट उघडलं. "लिफ्टवाले, सापडलं! गोदीचा हुकूम. अस्सल. नक्कल आहे, पण अस्सल." क्लबात या डेकवरून दोन वर्षं भांडण होतं. राखाडीवाले एका बाजूला, निळेवाले दुसऱ्या बाजूला, दोघा जुन्या मित्रांचं तर बोलणंच बंद झालेलं. बोटीचा एकच फोटो होता, काळापांढरा, आणि त्यात अर्धा डेक गडद आणि अर्धा फिका. लिफ्टवाल्यानंच भिंगातून बघून शोधलं होतं की गडद भागाजवळ एक खलाशी विजार गुडघ्यापर्यंत दुमडून बादली घेऊन उभा आहे. म्हणजे तो भाग ओला आहे, रंग एकच आहे. पण कुठला? ॲडमिरलनं कागद वाचून दाखवला. विमानांना वरून दिसू नये म्हणून लाकडी डेक ताबडतोब गडद रंगवावेत. तयार रंग पोचेल याची वाट बघू नये. बोटीवर जो राखाडी शिल्लक असेल त्यात निळा मिसळून काम भागवावं. "किती निळा?" त्यानं विचारलं. "ते लिहिलेलं नाही," ॲडमिरल म्हणाला, "म्हणजे दोन्ही पार्ट्या हरल्या. किंवा जिंकल्या. मला तर हसावं की रडावं कळेना. आता तुम्ही ठरवा. पुढच्या महिन्यात प्रदर्शन आहे, तुमच्या सगळ्या बोटी एकाच टेबलावर लावू. बारा बोटींचा ताफा. फक्त बारावी त्या अकरांच्या पंक्तीत शोभली पाहिजे हं. तोच धुक्यातला रंग. वहिनींची नजर होती ती." जाताना त्यानं टेबलावरच्या कोऱ्या डेककडे बघितलं आणि टोपी काढली. मग आपण टोपी का काढली ते त्यालाच न कळून पुन्हा घातली.

तर प्रश्न एवढाच होता. रंग मिसळता आला असता, पण पांढरा किती घालायचा हे सांगायला समोरच्या फूटपाथवर कोणी नव्हतं. मुलीचा फोन आला तेव्हा त्यानं तिला हे सांगितलं. मुलगी म्हणाली, "बाबा, फोनवर फोटो काढून बघा ना." तो म्हणाला, फोन खोटं बोलतो. "मग मी येऊ का रविवारी?" "नको गं, तू एवढ्या लांबून हात वर करायला येणार का?" "आई जायची की चार किलोमीटर," मुलगी म्हणाली, आणि दोघंही हसले, आणि मग दोघांनाही एकदम भाजीला काय केलं हे विचारायचं सुचलं.

दुसऱ्या दिवशी त्याच्या चष्म्याच्या दांडीचा स्क्रू पडला. गल्लीच्या टोकाला चष्मेवाला आहे, तिथं गेला. चष्मेवाल्यानं दुकान रंगवायला काढलं होतं, सगळे खण रिकामे करून जमिनीवर ढीग लावला होता. स्क्रू बसवता बसवता तो म्हणाला, "बरं झालं आलात. तुमची एक वस्तू आहे बघा," आणि ढिगातून त्यानं एक चपटी डबी काढली. वर चिकटवलेल्या कागदावर 'लिफ्टवाल्या बाई' असं लिहिलेलं, खाली अकरा वर्षांपूर्वीची तारीख. "वहिनींचा लांबचा चष्मा. केला आणि न्यायलाच आल्या नाहीत. दोनदा आठवण करून दिली तर म्हणाल्या, तो लावला की मी मुख्याध्यापिका दिसते. राहू दे तुमच्याकडेच." त्यानं डबी उघडली. काळी बारीक फ्रेम, काचा कोऱ्या करकरीत. "नंबर बराच होता का?" "बराच म्हणजे? समोरच्या दुकानाची पाटी वाचता आली नसती त्यांना." चष्मेवाला हे सहज बोलला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. तो मात्र दुरुस्त झालेला चष्मा हातातच धरून फूटपाथवर उभा राहिला. घरातल्या खोल्या लहान, तिथं लांबचं काही नव्हतंच. पण बाहेर? बस आली की ती विचारायची, "ही कुठली हो?" त्याला वाटायचं, बोलायला काहीतरी काढते. सिनेमाला गेलं की पुढं बसू म्हणायची, त्याला वाटायचं हौस आहे. पलीकडच्या इमारतीतल्या बाया तिला शिष्ट म्हणत, रस्त्यात बघूनही ओळख देत नाही म्हणून, आणि तो त्यांच्यावर चिडायचा. चाळीस वर्षं एका घरात राहून आपल्या बायकोला रस्त्यापलीकडचं दिसत नाही हे ज्याला कळलं नाही, तो माणूस भिंग लावून फोटोतल्या खलाशाची विजार शोधत होता. त्याला स्वतःचीच लाज वाटली. आणि लाजेच्या मागोमाग दुसरं काहीतरी आलं, ते जास्त टोचलं. तिला फळीच दिसत नव्हती, तर अकरा बोटी पास कुणी केल्या? वर खिडकीत हात भरून येईपर्यंत तो उभा असायचा, ते कुणासाठी? दोघांनी मिळून केलेलं असं त्याच्याकडे जे काही होतं, ते त्या टेबलावर होतं. तेही एकट्यानंच केलेलं निघालं तर मग राहिलं काय?

तो तसाच शिंप्याकडे गेला. शिंपी पन्नाशीचा, तोंडात टाचण्या धरून बोलणारा. "या काका. पँट ढगळ झाली ना? सांगतच होतो, जेवत चला." "पँटचं राहू दे. काकू इथं उभ्या राहायच्या तेव्हा काय करायच्या?" शिंप्यानं मशीन थांबवलं. टाचण्या एकेक करून उशीला टोचल्या. एवढा वेळ लावला की त्याला कळलंच. "खरं सांगू का?" शिंपी म्हणाला, "रागावू नका. मला विचारायच्या." "काय?" "रंग कसा दिसतो म्हणून. मी म्हणायचो, काकू, मला बोटीतलं काय कळतं, मी बाह्या लावणारा माणूस. तर म्हणायच्या, कपड्याचा रंग कळतो ना, तसाच सांग. आता हातात काम असायचं, गिऱ्हाईक उभं असायचं. मी एक नजर टाकायचो आणि म्हणायचो, घाला अजून पांढरा. पांढऱ्यानं काय बिघडतं?" "अकराही बोटी?" "दहा. एकीच्या वेळी मी लग्नाला गेलो होतो. तेव्हा बहुतेक बसवाल्याला विचारलं त्यांनी." तो स्टुलावर बसला. भर सभेत ॲडमिरलनं वाखाणलेलं धुकं एका शिंप्याच्या घाईतून आलं होतं. एका बोटीवरचं तर बसवाल्याच्या. त्याला हसू यायला लागलं होतं; राग यायला हवा होता, तो येईना. "पण मग दहा दहा मिनिटं काय करायची ती इथं?" शिंप्यानं पुन्हा कापड उचललं. "ती दुसरीच गंमत. रंगाचं मी एका मिनिटात सांगायचो. मग विचारायच्या, ते कसे उभे आहेत रे? मी सांगायचो, शाळेत शिक्षा झाल्यासारखे, फळी छातीशी धरून. खूप हसायच्या. तोंड कसं आहे? निकाल लागायचा असल्यासारखं. शर्ट कुठला घातलाय? बटणं नीट लावलीत का? सगळं विचारायच्या. मी म्हणायचो, काकू, करा की हात वर, बिचारे ताटकळलेत. तर म्हणायच्या, थांब रे, एवढ्यात हात वर केला तर ते आत निघून जातील."

समोरून एक बस गेली. मग त्यानं शिंप्याला विचारलं, "तिसऱ्या मजल्यापर्यंत चढवेल का?" शिंपी म्हणाला, "आत्ता? शर्ट अर्धा शिवून पडलाय." "दहा मिनिटं." दोघंही वर गेले. त्यानं दोन्ही डब्या उघडल्या. सहा महिन्यांत साय धरली होती, ती बाजूला केली, आणि बशीत राखाडी घेतला. त्यात निळा घालताना त्याच्या डोळ्यांपुढे गोदीतली ती सकाळ आली, कोणीतरी बादलीत काठी फिरवतोय, कोणीतरी म्हणतोय, अजून थोडा, आणि तिसरा कोणी म्हणतोय, पुरे, वरून विमान बघणार आहे, सासू नाही. हुकुमात नव्हतं ते असंच ठरलं असणार. ज्या अस्सल रंगावरून क्लबात दोघांनी बोलणं टाकलं, तो कुणातरी घाईतल्या माणसाच्या अंदाजानं झाला असणार. त्यानं फळीवर हात मारला, वाळू दिली, शिंप्याच्या छातीशी धरायला दिली आणि खाली उतरला. रस्ता ओलांडला. इतक्या वर्षांत त्यानं आपली खिडकी इथून कधी बघितली नव्हती. केवढी लहान होती. चौकटीचा खालचा कोपरा कुजलाय हे आतून कधी दिसलंच नव्हतं. आणि आत शिंपी फळी धरून ताठ उभा, निकाल लागायचा असल्यासारखा. मग त्यानं स्वतःचा चष्मा काढला. त्याचाही नंबर काही थोडाथोडका नव्हता. फळी गेली, रंग गेला, शिंप्याचं तोंड गेलं. उजेडाचा एक चौकोन राहिला आणि त्यात एक माणूस. कोण आहे ते कळत नव्हतं, पण आहे एवढं कळत होतं. त्याला ते पुष्कळ वाटलं. तो तसाच बघत उभा राहिला, किती वेळ ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं, इतका वेळ की वरून शिंपी ओरडला, "काका, हात दुखायला लागले! घालू का पांढरा?"

त्यानं चष्मा लावला. रंग गडद होता, राखाडीत निळ्याची झाक होती, दुपारी पाऊस येणार असला की आभाळाच्या खालच्या कडेला असते तशी. त्यात काही कमी नव्हतं. पांढऱ्याची अजिबात गरज नव्हती. "नको," तो खालून ओरडला, "बघ, बरोबर आहे!" बसस्टॉपवरच्या एका बाईनं मान वळवून वर बघितलं आणि ती शिंप्याकडे बघून उगीचच हसली.

शिंपी गेल्यावर त्यानं बाही वर केली आणि डेक रंगवायला घेतला, मागून पुढे, फळ्यांच्या रेघेनं. मध्ये मुलीचा फोन आला, तो त्यानं कान आणि खांद्यामध्ये धरून घेतला आणि तिला सगळं सांगितलं, चष्मा, शिंपी, बसवाला. ती एवढी हसली की तिच्या ऑफिसातल्या कुणीतरी विचारलं काय झालं. "मग आता बाबा? त्या अकरा पुन्हा रंगवणार का, बरोबर रंगात?" "छे," तो म्हणाला, "त्या बरोबरच आहेत." "आणि ही?" "हीही बरोबर आहे." "मग प्रदर्शनात?" तो ब्रशचं टोक कापडाला पुसत होता. पुढच्या तोफेच्या जागेपर्यंत पहिला हात झाला होता. अजून दुसरा हात द्यायचा होता, तोफा बसवायच्या होत्या, दोरीचा कठडा ओवायचा होता, आणि बारावी बोट बाकीच्यांशी जुळणार नाही हे ॲडमिरलला सांगायचं राहिलं होतं.